दोघींचं एकच माप

९ मार्च

धाकटे,

फोन तू मधेच ठेवलास, म्हणून उरलेलं वाक्य इथे पुरं करते. मी म्हणत होते, "तुला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढे तू मला जाऊच दिलं नाहीस. नंतर मी किती वेळा फोन लावला, तू उचलत नाहीस. ठीक आहे. आपल्या कॉन्व्हेंटमधल्या मदर सांगायच्या तसं करते: रागावलेल्या माणसाला पत्र लिहावं, त्याला मधे बोलता येत नाही.

तर 'पण'च्या पुढचं. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या वकीलबाई ड्रेसची खालची दुमड नक्की करायला आल्या होत्या. त्या स्टुलावर उभ्या, मी खाली गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. सगळा घेर टाचून झाला आणि मला उठता येईना. त्यांना वाटलं मी पडलेली टाचणी शोधतेय. "सापडली का?" असं त्या वरून विचारतायत, आणि तोंड टाचण्यांनी भरलेलं, त्यामुळे 'उठता येत नाही' एवढंही मला सांगता येईना. शेवटी आधाराला म्हणून मी त्यांचाच घेर धरला. नुकती टाचलेली दुमड सगळी माझ्या मुठीत आली. मग आतल्या खोलीतून ह्यांना बोलवावं लागलं. आमचे हे जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, चिमट्यापेक्षा जड काही उचलायची सवय नाही. दोघांनी दोन्हीकडून काखेत हात घालून मला उभं केलं. वकीलबाई जाताना म्हणाल्या, "असू द्या हो, मला काही घाई नाही." त्यांच्या त्या चांगुलपणानेच जास्त लागलं.

गुडघे गेले की माझं काम गेलं. साखर तुला आहे तशी मलाही आहे. आणि एक गोष्ट ह्यांनी मला आत्ता सांगितली. झोपेत माझा श्वास थांबतो, आणि हे जागे राहून तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघतात. घड्याळं ऐकणारा कान आहे त्यांचा. किती महिने झाले, त्यांना सलग झोप नाही, आणि मी मेली त्यांना चिडवत होते की म्हातारे झालात, भरदुपारी डुलक्या काढता.

म्हणून ठरवलं. ऑपरेशन करून वजन उतरवायचं.

तू जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "आजपर्यंत जाडी अशी कोणी नव्हतीच गं. आपण दोघी होतो. आता तू बारीक होशील आणि जाडी मी एकटी उरेन." आणि मग फोन बंद.

पण तू गप्प बसलीस म्हणून मीही गप्प बसायचं, हे आपल्यात कधी झालं नाही. तू बोलत नव्हतीस तेव्हा मी बोलायचे, मी बोलत नव्हते तेव्हा तू.

तुझी,
थोरली

२ एप्रिल

धाकटे,

उत्तर नाही, म्हणजे अजून राग आहे. असू दे. पत्र वाचतेस एवढं तुझ्या लेकीने कळवलं, तेवढं मला पुरे.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तुझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. म्हणाल्या, "जठराचा बराचसा भाग काढून टाकायचा. उरतो तो बाहीसारखा, लांब आणि अरुंद."

मी विचारलं, "पूर्ण बाही की कोपरापर्यंत?"

हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता म्हणे.

"आणि शिवण कशी घालता?"

"मशीन आहे. बारीक टाचण्या मारत जातं. त्या आतच राहतात."

"उसवली तर?"

त्या हसायच्या थांबल्या. "क्वचित उसवते. म्हणून तर आधी सगळं सांगून ठेवतेय." खरं सांगणारी मुलगी आहे, मला आवडली. तू काळजी करू नकोस.

घरात आणखी कोणाचं वजन जास्त आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जुळी बहीण आहे, अगदी माझ्यासारखी. "मग त्यांनाही घेऊन या ना कधीतरी!" मी विषय बदलला. हे तुला सांगायचं नव्हतं, पण हात लिहून गेला, आणि खाडाखोड केलेलं पत्र शाळेत पहिल्यापासून परत लिहावं लागायचं, म्हणून राहू देते.

आजकाल शाळाच फार आठवते. त्या नाटकात आपल्याला दोन डोंगर केलं होतं, हिरव्या चादरी पांघरून, आणि मधून निळी साडी म्हणजे नदी. बाकीच्या मुली पऱ्या झाल्या. घरी येऊन आई विचारते, "तुम्ही कोण होतात गं?" तर तू ऐटीत सांगितलंस, "आम्ही जागा होतो." आणि प्रयोगात मला शिंक आली, तेव्हा भूकंप झाल्यासारखं दाखवायला तूही हललीस, म्हणजे माझं एकटीचं हसं होऊ नये. तुझा तो पाठिंबा! त्याच्यावर मी फार वर्षं काढली.

आणि शिवणाच्या सिस्टर. मला बाकावर उभं करून दोघींचे फ्रॉक माझ्याच अंगावर बेतायच्या. एकीला टाचलं की दोघींचं झालं, तेवढाच वेळ वाचला. तीच रीत मी आजवर चालवली. तुझं माप मी कधी घेतलं नाही, कुठे लिहून ठेवलं नाही. आरशापुढे उभं राहायचं, कापड अंगावर टाचायचं, दोन ड्रेस कापायचे, एक तुला पोस्टाने पाठवायचा. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की ती चकित होतात. मला त्यात कधी विशेष वाटलंच नाही.

सध्या नुसत्या पातळ पदार्थांवर ठेवलंय, ऑपरेशनच्या आधी यकृत लहान व्हायला हवं म्हणून. माझ्यासमोर खायला ह्यांना संकोच वाटतो, म्हणून ते कामाच्या टेबलाशी चोरून पाव खातात. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, घड्याळ चालतंय छान, पण काचेखाली चुरा दिसतोय.

तुझी,
थोरली

१८ एप्रिल

धाकटे,

उद्या सकाळी आहे.

कपाट आवरत होते. तुझ्या निरोपसमारंभासाठी आणलेलं निळं कापड वरच्या फळीवर, उजव्या हाताला आहे. अस्तर त्याच्याच घडीत ठेवलंय. ग्रंथपालबाई निवृत्त होणार तर ड्रेस तसाच भारदस्त हवा. बटणं डब्यात आहेत, ती ह्यांना माहीत आहेत. हे उगाच लिहून ठेवतेय. आवरायला घेतलं की मला सगळंच सांगावंसं वाटतं, त्यात दुसरं काही शोधू नकोस.

थोरली

२५ एप्रिल

धाकटे,

आहे मी. आधी तेवढं.

कापलं पोट आणि दुखतोय खांदा, असला अजब प्रकार. नर्स म्हणाली, ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, ती वर चढून खांद्याला लागते, चाललं की उतरते. म्हणून सलाईनचा खांब हातात धरून लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या. शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हरबाई होत्या, त्यांचंही हेच. समोरासमोर आलो की त्या तोंडाने हॉर्न वाजवायच्या आणि म्हणायच्या, "ओ शिंपीणबाई, बाजूला घ्या, मला वळायचंय." टाके दुखायचे हसून. त्यांना मी विनवलं की बाई, घरी जाईपर्यंत विनोद बंद.

पाणी औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यातून, एक एक घोट, मधे थांबून. घाईने प्यायलं की छातीत दगड अडकल्यासारखं होतं. तहान काय असते हे मला आत्ता कळलं.

एक गोष्ट ह्यांनी सांगितली, ती मला आठवत नाही. गुंगीतून बाहेर येताना मी विचारलं, "ती उठली का?" हे म्हणाले, कोण? तर मी म्हणे रागावून म्हणाले, "धाकटी! तिला आधी पाणी द्या, तिचा घसा लवकर सुकतो." लहानपणी आपल्या दोघींचे टॉन्सिल एकाच दिवशी काढले होते ना, त्यातलंच काहीतरी डोक्यात घुसलं असणार. ह्यांनी काय करावं? "उठली, तिला दिलं पाणी," असं सांगितलं. मग मी शांत झोपले.

बाकी सगळं ठीक. तुझा फोन आला होता का, हे मी कोणाला विचारलं नाही.

थोरली

९ जून

धाकटे,

मधे पत्र नाही, कारण जरा किरकोळ झालं. पाणी कमी पडत होतं, उलट्या होत होत्या, म्हणून पुन्हा दवाखान्यात राहून आले. सलाईन लावली, बरी झाले. किरकोळच.

आता मऊ खायला परवानगी आहे. काल एक उकडलेलं अंडं कुस्करून खाल्लं. अर्धंच. टेबलाशी बसून, घास चावत, चमचा खाली ठेवत, पुन्हा चावत. सोबत म्हणून हेही तितकंच हळू जेवतात. दोन गाई रवंथ करत बसल्यासारखं दिसत असणार. अर्ध्या अंड्यानंतर पोट म्हणालं, बास. माझ्या पोटाने मला आयुष्यात 'बास' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला रडू आलं गं. आनंदाचं नव्हतं ते. कोपऱ्यावरच्या बेकरीवरून जाताना वास येतो, तेव्हा दूर गेलेल्या माणसाची आठवण व्हावी तसं होतं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "होतं असं. सगळ्यांना होतं. त्यात लाजायचं नाही."

मला त्याहून दुसरंच भय आहे. आपण दोघी कधी रिकाम्या टेबलाशी बसलो नाही. रुसवा काढायचा तर केक आणायचा, वडील गेले तेव्हा रात्रभर पाव भाजत बसलो, तुझ्या लेकीच्या वेळी तर पातेलंभर सूप संपवलं. आता मी दोन घासांत थांबणार. मग बोलता येईल का आपल्याला? की आपलं सगळं बोलणं त्या बश्यांवरच चाललं होतं?

याचं उत्तर तरी पाठव. 'हो' किंवा 'नाही' एवढंच, कार्डावर.

थोरली

८ जुलै

धाकटे,

कार्ड आलं नाही, तरी पार्सल पाठवतेय. निळा ड्रेस झाला! उभं राहून बेतला, एका बैठकीत शिवला. मग तो खुंटीला टांगला, खाली बसून दुमड टाचली आणि उठले, कोणाचा हात न धरता. उठल्याचं मला कौतुक, म्हणून पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. हे दारातून बघत होते. म्हणाले, "कवायत चाललीये का?"

केस गळताहेत, ऑपरेशननंतर काही महिने असं होतंच म्हणतात, परत येतील. थंडी वाजते, भरदुपारीही स्वेटर घालते. पण जिना चढते आणि वर पोचल्यावर बोलू शकते.

माझाही त्याच कापडाचा शिवलाय. समारंभाला तू बोलावलंस तर दोघी सारख्या दिसू. बोलावलं नाहीस तरी इथे मी तो घालून बसेन.

थोरली

१९ जुलै

धाकटे,

तुझ्या लेकीचा फोन येऊन गेला.

"मावशी, हे काय पाठवलंस तू?"

"का गं? रंग आवडला नाही तिला?"

"तो आईच्या दंडावरसुद्धा चढत नाही, मावशी. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडतेय. म्हणते, बघ, मला दाखवतेय ती. स्वतः बारीक झाली ते मला शिवून पाठवलंय."

माझ्या हातात कात्री होती, ती खाली ठेवली. मग माझा ड्रेस उचलला, अंगाला लावला, आणि मला कळलं मी काय केलं ते.

इतकी वर्षं हेच काम करणारी बाई मी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की माप डोळ्यांत भरतं. आणि तुझा ड्रेस मी आरशापुढे उभी राहून माझ्याच अंगावर टाचला, नेहमीसारखा. माझ्या अंगाचा बराच भाग निघून गेलाय हे मला माहीत नव्हतं का? रोज काटा दाखवतो, जुने कपडे खांद्यावरून गळतात. कापड उरलं तेव्हा मला वाटलं, या वेळी दुकानदाराने हात सैल सोडून मोजलं. पार्सल हलकं लागलं, तेव्हा वाटलं, माझ्याच हातात ताकद आली. पण तू तेवढीच राहिली असशील, हे एकदाही मनात आलं नाही.

दाखवायला नाही गं पाठवला. माझ्या डोक्यात तू माझ्याबरोबर होतीस. व्हरांड्यात चालताना, अर्धं अंडं खाताना, सगळीकडे. मी कमी झाले म्हणजे तूही झालीस, असं त्या वेड्या डोक्याने धरूनच चाललं होतं. तुला मागे सोडून गेले म्हणतेस ना? मला तर तुला सोडताच आलं नाही, आणि त्यातूनच ही घोडचूक झाली.

ड्रेस परत पाठवू नकोस, फाडून टाक, पुसायला घे. मी दुसरा शिवीन. पण कोणत्या मापाने शिवू? आज पहिल्यांदा मला तुझं माप माहीत नाही. कागद घेऊन बसले, एकही आकडा लिहिता आला नाही.

तू सांगितल्याशिवाय आता मला शिवता येणार नाही.

थोरली

१० ऑगस्ट

धाकटे,

त्या दिवशीचा फोन तुझ्या बाजूने कसा होता कोण जाणे. माझ्या बाजूने कसा होता ते लिहून ठेवते, कारण त्यानंतर मी वकीलबाईंच्या कोटाला दोन डाव्या बाह्या लावल्या.

दुकानात त्याच बसलेल्या. फोन वाजला. नाव नाही, गाव नाही, एकदम, "टेप हातात आहे. लिहून घे."

"कोण?"

"तुझ्या आवाजात दुसरं कोण बोलतं?"

पेन्सिल सापडेना. शेवटी वकीलबाईंनी त्यांचं पेन माझ्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, सावकाश चालू दे.

तू छाती सांगितलीस. मग कंबर.

"पोट आत घेऊ नकोस," मी म्हटलं.

"घेतलं नाही."

"घेतलंस. मला ऐकू आलं."

तू श्वास सोडलास आणि आकडा बदलून सांगितलास. मग दंड, मग बाहीचा मुंढा. खांद्याला तुझ्या लेकीने टेप धरली, आणि ती मागून म्हणाली, "मावशी, आईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली आहे."

"नीट बघ. माझा तसा नाही."

"तुझा कसा असेल?" तू ओरडलीस. "पुस्तकांचे गठ्ठे तू उचललेस का इतकी वर्षं?"

"अगं, मग मी पाठवलेले सगळे ड्रेस उजवीकडून ओघळत असतील!"

"ओघळायचेच."

"मग सांगायचं नाही का बाई?"

"पिन लावायचे आतून. सांगायचं काय त्यात? तुझ्या अंगावर बरोबर बसत होते ना." आणि मग हळू आवाजात, "मला वाटायचं, सांगितलं तर तू माझा वेगळा शिवशील."

धाकटे, मी तिथेच स्टुलावर बसले. आपलं माप एक कधी नव्हतंच. तू पिन लावून ते एक ठेवत होतीस.

मग तू विचारलंस, "दुखलं का गं?" मी म्हटलं, खूप. "ते पुन्हा दवाखान्यात जावं लागलं ते?" मी म्हटलं, मला वाटलं होतं संपलं सगळं. "आणि पत्रात किरकोळ लिहितेस! मला काय वाचता येत नाही? घाबरली होतीस ना?" हो, म्हटलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कपाटही भीतीनेच आवरलं होतं. "मग मला का नाही सांगितलंस?" तू फोन उचलत नव्हतीस, म्हटलं. मी नाक पुसलं, तू नाक पुसलंस. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मी नाही हं करणार ऑपरेशन," तू म्हणालीस.

"मी विचारलं का?"

"तुझ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलंय ना."

"ते चुकून लिहिलं गेलं."

"तू आजवर पत्रात चुकून काही लिहिलेलं नाहीस. बरं, त्या बाई खोटं बोलत नाहीत म्हणालीस. माझ्या गुडघ्यांचं काय ते एकदा विचारून घेईन. नुसतं विचारेन."

"विचार," मी म्हटलं, आणि पुढे एक अक्षर बोलले नाही. त्या गप्प बसण्याची मला काय किंमत पडली, कल्पना आहे का तुला!

ड्रेस या पत्राबरोबर आहे. कापड त्या दुकानात संपलं होतं, हा निळा जरा गडद आहे. उजवा खांदा खाली घेतलाय, मुंढा सैल ठेवलाय, कंबरेला तू दुसऱ्यांदा सांगितलेला आकडा धरलाय. फक्त तुझ्यासाठी शिवलेला हा पहिला. झाल्यावर सवयीने आरशापुढे अंगाला लावला, तर त्यात मी कुठेच नव्हते. नुसती तू होतीस, समोर उभी.

अंगावर घालून न बघता शिवलाय, म्हणून चुकला असेल. चुकला तर पोस्टाने परत पाठवू नकोस. पिनही लावू नकोस. घालून इकडे ये. समारंभाला अजून अवकाश आहे. तू स्टुलावर उभी राहा, मी खाली बसून टाचते. आता मला उठता येतं.

तुझी,
थोरली